नानांना न आवडलेलं गाणं

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे कुठेही जा, एक गाणं कानावर पडतंच. 'वाऱ्यावर सुट्टी' त्याचं नाव. लस्सीच्या दुकानात ते असतं, वॉटर पार्कात असतं, लग्नात जेवणं चालू असताना असतं, आणि शाळांच्या उन्हाळी शिबिरात तर सकाळी सातलाच सुरू होतं. आधी वारा सुटल्याचा आवाज, मग एक मुलगी 'हाऽऽ' करून सुस्कारा सोडते, मग गिटार, मग ड्रम, मधेच शिट्टी. तीनच सूर इकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडे येतात. शब्द म्हणाल तर समुद्र, सुट्टी, केस, वारा आणि पुन्हा समुद्र. पाच वर्षांच्या पोराला ते एकदा ऐकून पाठ होतं. लोक हे कौतुकानं सांगतात. मला विचारलं तर त्या गाण्याबद्दल यापेक्षा वाईट काही सांगता येणार नाही.

तो सुस्कारा माझा आहे. तेवीस वर्षांची असताना मी ते गायले. आता धुळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी गॅदरिंगला पोरं "मॅडम, सुट्टी! मॅडम, सुट्टी!" म्हणून ओरडतात. काढा प्यायल्यासारखा चेहरा करून मी ते गाते. पोरांना तो चेहरा दिसत नाही. ती मोबाइल वर धरून डोलत असतात.

खरं सांगायचं तर हे मत माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेलं नाही. तेव्हा मलाही ते गाणं गोड वाटत होतं. ते कसं नाकारायचं हे मला सुकलालनानांनी शिकवलं. हे गाणं त्यांच्याच स्टुडिओत, त्यांच्याच हातानं रेकॉर्ड झालं, आणि त्यावर आपलं नाव त्यांनी स्वतःच येऊ दिलं नाही.

नाना मूळचे चोपड्याकडचे. घरची केळी भावानं सांभाळली, आणि नाना दीपनगरच्या वीज केंद्रात टेक्निशियन म्हणून लागले. वीस-बावीस वर्षं त्यांनी यंत्रं ऐकली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते त्यांना बाहेर उभं राहून कळायचं. मग एक दिवस नोकरी सोडून ते जळगावात आले आणि स्टुडिओ टाकला. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "यंत्रं चांगली होती. खोटं बोलत नव्हती. पण गात नव्हती ना."

ठिबक सिंचनाच्या पाइपांच्या एका गोदामावर दोन खोल्या होत्या, तोच स्टुडिओ. भिंतींना चोपड्याहून आणलेल्या कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. आत शिरलं की स्वतःचा आवाज आपल्या तोंडाजवळच पडायचा. एसी होता, पण माइक चालू असला की तो बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. मे महिन्यात चारी बाजूंनी कापूस आणि वर पत्रा, अशा खोलीत माणूस वीस मिनिटांत ओला व्हायचा. नाना स्वतः पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावून, तसेच बसलेले असत. डोळे मिटलेले, खालचा ओठ पुढे आलेला. गाणं जितकं वाईट तितका ओठ पुढे. गायक मंडळी काचेतून आधी ओठाकडे बघायची आणि मग तोंड उघडायची.

आपल्याकडे अहिराणी गाण्यांचा केवढा पसारा आहे ते तुम्हाला माहीत असेल. हळदीची, वरातीची, मेव्हणीची, देवीची, भांडणाची. त्यातली निम्मी नानांकडे रेकॉर्ड व्हायची. नानांनी ती सगळी रेकॉर्ड केली आणि सगळ्यांना नावं ठेवली. एरवी ते शहरी मराठी बोलत. संताप आला की मात्र चोपडा बाहेर यायचा. "बठ्ठा भंगार शे!", सगळं भंगार आहे, असं गाणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि मग त्याच भंगारावर चार दिवस बसायचे. एखादा म्हणे, नाना, चालून जाईल हो. त्यावर ते फक्त दाराकडे बघत.

एकदा निवडणुकीत एका उमेदवाराचा भाऊ प्रचाराचं गाणं घेऊन आला. सोबत आठ माणसं, सगळ्यांच्या गळ्यात उपरणी. गायकानं एक कडवं म्हटलं तोच नानांनी हेडफोन काढून ठेवला.

"भाऊ, हा गडी मतं मागतोय की दम देतोय?"

भाऊ विचार करून म्हणाला, "दोन्ही चालेल नाना."

"मग आज मतांचं करू, उद्या दमाचं. एका सुरात दोन्ही नाही बसायचं."

आणि खरंच दोन दिवस घेतले. निवडून आला का ते मला आठवत नाही.

दुसरे होते कापडाचे एक व्यापारी. राजस्थानातून आलेलं घराणं, पैसा भरपूर, गळा अजिबात नाही. आईच्या स्मरणार्थ दर वर्षी एक भजन स्वतः गाऊन ते नातेवाइकांना पाठवत. पंधरा-पंधरा वेळा गावं लागे. नाना त्यांना म्हणाले, "सेठ, देव इथंच आहे. गावाबाहेर गेल्यासारखं ओरडू नका." पुढच्या वर्षी सेठ पुन्हा हजर. मला एकदा जिन्यात भेटले तेव्हा घाम पुसत म्हणाले, "ताई, जळगावात मला खरं सांगणारा एकच माणूस आहे. आणि तो पंधरा वेळा सांगतो."

अशा माणसाकडे आम्ही गेलो.

आम्ही म्हणजे तिघं. बोदवडचा एक ड्रम वाजवणारा, मी, आणि रौनक. रौनक बी-बियाण्यांच्या मोठ्या दुकानदाराचा मुलगा. गिटार त्याची, गाणं त्याचं, कल्पना त्याची. तो वाईट माणूस होता असं मी कधीच म्हणणार नाही. वाईट व्हायला जेवढं वजन लागतं तेवढंही त्याच्यात नव्हतं. सगळ्यांना मिठी मारायचा, सगळ्यांना "लव्ह यू भाई" म्हणायचा, आणि ठरलेल्या वेळी कधीच यायचा नाही. त्यानं नानांच्या पुढ्यात बसून गिटारवर गाणं वाजवून दाखवलं. नानांचा ओठ इतका पुढे आला की मला खाली बघावं लागलं.

गाणं संपल्यावर नाना म्हणाले, "समुद्र कोणी पाहिलाय तुमच्यात?"

रौनक म्हणाला, "मी पाहिलाय ना. दमणला. दोनदा."

"काय केलं तिथं?"

"मित्र होते सोबत. मजा केली."

"म्हणजे नाही पाहिला."

ड्रमवाला हसला, मी हसले, रौनकही हसला. नाना हसले नाहीत. "जळगावात मे महिन्यात वारा सुटला तर माणूस उठून खिडक्या लावतो. तुम्ही त्याला 'ये ना, ये ना' करताय. कोणाला फसवताय?"

"नाना, लोकांना बरं वाटावं एवढंच," रौनक म्हणाला.

"बरं वाटायला गोळी मिळते. सोमवारी या. एसी बंद राहील."

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "पोरी, तू कुठं शिकलीस?"

"भुसावळला, एका बाईंकडे. पाच वर्षं."

"मग ह्यांच्यात काय करतेस?"

"मजा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो शब्द मी पुढे बरीच वर्षं वापरला नाही.

नऊ दिवस रेकॉर्डिंग चाललं. चार मिनिटांच्या गाण्याला नऊ दिवस. रौनकनं इंटरनेटवरून समुद्रावरच्या वाऱ्याचा आवाज आणला होता. नानांनी तो ऐकला आणि पुसून टाकला. "हा वारा इथल्या माणसाला लागणार नाही." मग त्यांनी घरचा कूलर वर आणला. त्याला नवा वाळा लावला, पाणी सोडलं, माइक गोधडीत गुंडाळून दोन हात अंतरावर ठेवला, आणि अख्खी दुपार नुसता कूलर रेकॉर्ड करत बसले. पाणी कमी केलं, वाढवलं, पंख्याचा वेग बदलला. गाण्याच्या सुरुवातीला लोकांना जो समुद्र ऐकू येतो तो हा. गोव्याच्या माणसांनीसुद्धा मला सांगितलंय, की आवाज अगदी आमच्या किनाऱ्यासारखा आहे. मी त्यांना काही बोलत नाही.

माझं गाणं मात्र जमेना. सहावा दिवस, चाळीस तरी वेळा म्हटलेलं. प्रत्येक वेळी काचेपलीकडून तेच.

"तू हसतेस."

"गाणं आनंदाचं आहे ना नाना."

"आनंदात असलेला माणूस सारखा हसत नाही. फोटो काढून घेणारा हसतो."

मला रडू यायचं बाकी होतं. घामानं हेडफोन कानावरून घसरत होता. नाना उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परत आले, तेव्हा त्यांच्या मागे लीलाअक्का होत्या, त्यांच्या पत्नी. घर गोदामाच्या मागेच होतं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, पदर खोचलेल्या. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेलं घमेलं होतं, आणि त्यात गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ.

"चपला काढ बेटा," अक्का म्हणाल्या, "आणि पाय ठेव."

मी पाय ठेवले. आणि तोंडून 'हाऽऽ' निघालं. त्या हाऽऽमध्ये सहा दिवसांची उकड होती, नानांचा राग होता, सगळं होतं. माइक चालू होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"बस," नाना म्हणाले. "आता पाय तिथंच ठेवून गा."

मी एकदाच गायले. तोच टेक राहिला.

संध्याकाळी त्यांनी तो आम्हाला ऐकवला. रौनक उड्या मारायला लागला. नाना खुर्ची फिरवून म्हणाले, "लोकांना तुमचं गाणं नाही आवडणार. ही हाऽऽ आवडेल. ती परत येईल म्हणून ते पुढची साडेतीन मिनिटं ऐकत बसतील. ती येणार नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावतील. ह्याला गाणं नाही म्हणत. ह्याला खाज म्हणतात."

"हिट होईल का नाना?" ड्रमवाल्यानं विचारलं.

"होणारच. खाज कोणाला चुकलीय? पण माझं नाव नको त्याच्यावर."

"नाना, लोक विचारतील, एवढं भारी कोणी रेकॉर्ड केलं म्हणून," रौनक म्हणाला.

"म्हणूनच नको."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एका उन्हाळ्यात ते गाणं सगळीकडे झालं. आम्हाला बोलावणी यायला लागली. रौनक गॉगल लावून मुलाखती देऊ लागला. समुद्राशी आपलं जुनं नातं आहे, असं तो एका मुलाखतीत म्हणाला. जळगावात आमचा सत्कार ठेवला होता. नाना येणार नव्हते, पण अक्कांना यायचं होतं म्हणून आले, मागच्या रांगेत बसले. रौनकनं स्टेजवरून त्यांना ओळखलं आणि मोठ्या प्रेमानं बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नानांना वर जावंच लागलं. त्यांनी माइक हातात घेतला, बोटानं दोनदा टकटक केलं, आणि म्हणाले,

"हा माइक खराब आहे. गाणंही खराब आहे. माइक दुरुस्त होईल."

एवढं बोलून खाली उतरले. लोक पोट धरून हसले. नाना विनोद करतायत असंच सगळ्यांना वाटलं. परत जाताना ते मला म्हणाले, "बघ, खरं सांगितलं तर हसतात. ह्यांना तुमचंच गाणं बरोबर आहे."

मग त्यांच्याकडे रांग लागली. ज्याला त्याला 'तसलंच' हवं होतं. पावसाचं तसलं, थंडीचं तसलं, एकाला तर घराच्या प्लॉटच्या जाहिरातीसाठी तसलं. नानांनी सगळ्यांना परत पाठवलं. पूर्वी नावं ठेवायचे पण काम करायचे. आता नुसतीच नावं ठेवू लागले. मी धुळ्याला नोकरीला लागले होते, तरी जळगावात आले की स्टुडिओत डोकावायची. माझं त्या गाण्याबद्दलचं मत तिथंच तयार झालं, त्या गाद्यांच्या खोलीत बसून. ते मला एकेक जागा दाखवत. इथं तू सूर सोडलास. इथं गिटार नुसती अंग टाकून पडलीय. हे कडवं कशासाठी आहे, सांग बरं? माझ्याच गाण्याची मला लाज वाटायला लागली, आणि ती वाटते याचा थोडा अभिमानही.

एकदा गेले तर नाना हेडफोनची वायर गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ती शिट्टी वाजवते."

"कोण?"

"तुझी अक्का. गच्चीवर बिबडे वाळत घालते ना, तेव्हा नातीचा फोन घेऊन जाते. ते तुमचं लावते. आणि शिट्टीची जागा आली की शिट्टी वाजवते. एकसष्ट वर्षांची बाई."

मला हसू आलं. ज्वारीचे ते मोठे पापड, गच्ची, ऊन आणि शिट्टी वाजवणाऱ्या अक्का. पण नानांचा चेहरा बघून हसू गेलं.

लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी नाना अक्कांना गाणं ऐकवत. त्यांच्याजवळ जुन्या टेपांचा साठा होता. मोठमोठ्या गवयांच्या मैफली होत्या, खेड्यापाड्यांत जाऊन स्वतः रेकॉर्ड केलेल्या म्हाताऱ्यांच्या ओव्या होत्या. अक्का लाकडी खुर्चीवर ताठ बसायच्या, हात मांडीवर. संपलं की म्हणायच्या, "चांगलं शे." प्रत्येकाला तेच, कमी नाही, जास्त नाही. नानांना वाटायचं, हिला कळतं. बोलत नाही, पण हिला कळतं. सगळ्या जळगावात आपल्याबरोबर ऐकणारं एक माणूस आहे, अशी त्यांची समजूत होती.

"चाळीस वर्षं अस्सल ऐकवलं, पोरी," ते म्हणाले. "आवडलं काय, तर हे."

त्यांनी अक्कांना कधी विचारलं नाही, हे का आवडलं म्हणून. मला वाटतं, उत्तराची भीती वाटत असावी. जगाला नावं ठेवणाऱ्या त्या माणसाला घरातलं एवढं विचारता आलं नाही. आणि अक्का शिट्टी वाजवत राहिल्या.

पुढे काही वर्षांनी अक्का आजारी पडल्या. फुप्फुसात पाणी होत होतं. त्यांची मुलगी धुळ्यात असल्यामुळे त्यांना धुळ्याच्या एका दवाखान्यात आणलं. मी कॉलेज सुटलं की जायची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरला. "तुन्हं गानं लाव ना बेटा."

नाना खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "इथं नको ते."

मी फोन पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यात नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही नव्हते. जळगावला गेलेत, काम आहे म्हणाले, असं मुलीनं सांगितलं. तिला ते आवडलेलं नव्हतं. आई अशी असताना कसलं काम? पाचव्या दिवशी दुपारी ते आले, दाढी वाढलेली, हातात पिशवी. त्यांनी मला आधी बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावलं, पिशवीतून स्टुडिओतला चांगला हेडफोन काढला आणि माझ्या कानांवर ठेवला.

आमचंच गाणं होतं, पण त्यांनी ते उसवून टाकलं होतं. ड्रम काढले होते, गिटार काढली होती, शिट्टी काढली होती. समुद्राची कडवी गेली होती. राहिला होता तो वारा, तो सुस्कारा आणि माझा आवाज, आणि खाली एकतारीचा एकच सूर. तीन दिवस बसून त्यांनी हे केलं होतं. मी इतकं चांगलं कधीच गायलेले नाही. कॉरिडॉरमध्ये माणसांची ये-जा चालू होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ते थांबलं तेव्हा नाना म्हणाले, "तिला हवंय तर मग नीट तरी ऐकू दे."

आम्ही आत गेलो. नानांनी अक्कांच्या कानांवर हेडफोन बसवला. अक्कांनी काय केलं, तर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. मुलीनं पाठीमागे उशी दिली. अक्का ताठ बसल्या, हात चादरीवर ठेवले, आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. धाप लागत होती, तरी तशाच बसून राहिल्या.

"चांगलं शे," त्या म्हणाल्या. मग हेडफोन काढून नानांच्या हातात दिला. "आते ते लावा."

"कोणतं?"

"ते. शिट्टीवालं."

मग इतक्या वर्षांनी त्यांनी विचारलं, आणि बायकोशी बोलायच्या त्यांच्या भाषेत विचारलं. "त्याम्हा असं काय शे?"

अक्कांना दम लागला होता. मुलीनं त्यांना पुन्हा आडवं केलं. पाय लांब करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमना गानास्मा नीट बसनं पडस. ह्या गानामा पाय पसारीसन बसता येस."

म्हणजे तुमच्या गाण्यांत नीट बसावं लागतं, ह्या गाण्यात पाय पसरून बसता येतं. यात तक्रार नव्हती. कोणती खुर्ची बरी आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"चाळीस वर्षं तू नुसतीच नीट बसत होतीस?" नाना म्हणाले.

"तुमना करता," अक्का म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे हात केला. "फोन दे." त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये ते गाणं नव्हतंच. मी लावून दिलं. त्यांनी फोन अक्कांच्या उशीजवळ धरला आणि आवाज मोकळा व्हावा म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा मागे ओंजळीसारखा धरला. चार मिनिटं तसेच वाकून उभे राहिले. खालचा ओठ पूर्ण पुढे आलेला. मधे एकदा पुटपुटलेसुद्धा, "गिटार बघ, लोंबतेय नुसती." शिट्टीच्या जागी अक्कांनी ओठांचा चंबू केला. आवाज आला नाही, नुसती हवा आली. गाणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आखो," म्हणजे आणखी एकदा, आणि नानांनी ते पुन्हा लावलं.

मी त्या दिवशी घरी आले तेव्हा मला नानांचा राग आला होता, अक्कांचा आला होता आणि गाण्याचा तर आलाच होता. ते तीन दिवसांचं काम कोणी ऐकलं? मी एकटीनं, कॉरिडॉरमध्ये. आणि जे टाकाऊ होतं ते त्या खोलीत दिवसातून पाच-सहा वेळा वाजत होतं. यात न्याय कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

अक्कांना दोन आठवड्यांनी जळगावला घरी नेलं. तिथं एका सकाळी, मुलगी वेणी घालत असताना, त्या गेल्या.

भेटायला मी गेले त्याच दिवशी रौनकही आला होता. तो आता पुण्याला असतो, कंपन्यांच्या कार्यक्रमांत गातो. त्यानं नानांना मिठी मारली, डोळे पुसले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाना, अक्कांचं लास्टचं आवडतं गाणं आपलंच होतं ना. त्यावर एक छोटासा व्हिडिओ करू या? लोकांना खूप टच होईल."

या माणसानं उमेदवाराच्या भावाला सोडलं नव्हतं. नानांनी रौनककडे पाहिलं. ओठसुद्धा हलला नाही.

"जेवण करीसन जाय," ते म्हणाले, आणि पाहुण्यांत जाऊन बसले.

रौनक जेवून गेला. नाना खूप बदललेत, किती शांत झालेत, असं तो मला जाताना म्हणाला.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात. परीक्षेच्या कामासाठी जळगावला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या एका रसवंतीत शिरले. दुपारचे दोन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि रसवंतीच्या स्पीकरवर आमचं गाणं किंचाळत होतं. काउंटरशी छत्री टेकवून नाना उभे होते. तोच पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं. माझ्याकडे पाठ होती.

"बंद कर म्हणत नाही मी," ते रसवाल्याला सांगत होते. "कमी कर."

"नाना, गिऱ्हाईक ह्याच्यावरच येतं."

"येणारच. कमी केलंस तर बसेलही. एवढ्या मोठ्यानं लावलं की उकडतं."

रसवाल्यानं आवाज कमी केला. "अजून," नाना म्हणाले. त्यानं अजून केला. "थोडा वाढव. बस."

आता वारा ऐकू यायला लागला. आधी तो नुसता खरखरत होता.

नाना वळले तेव्हा मी दिसले. "अजून गातेस हे?"

"दर वर्षी. पोरं सोडत नाहीत. तुम्हाला काय वाटतं नाना, आता ऐकल्यावर?"

"भंगार," ते म्हणाले. "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतलायस. तेव्हाच थांबवायला हवं होतं मी तुला." मग छत्री उघडून उन्हात गेले.

रसवाला माझा ग्लास पुसत होता. "तुम्ही ओळखता का हो ताई त्यांना? रोज येतात. रस पीत नाहीत. आवाज कमी करायला लावतात, गाणं संपेपर्यंत उभे राहतात आणि जातात. आज तुम्ही भेटलात म्हणून लवकर गेले."

"त्यांना हे गाणं आवडत नाही," मी म्हटलं.

"मग रोज कशाला येतात?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा ऊस यंत्रात घातला.